न मोजलेल्या लेकरांच्या तीन दिव्यांची कहाणी

हातात अक्षता घ्या ग बायांनो. जिवतीच्या कागदाला आघाड्याची माळ नीट बसली का बघा. मोबाईल उपडे ठेवा. ही कहाणी मध्येच उठून जाण्यासारखी नाही, आणि मला दोनदा सांगवत नाही.

ऐक जिवतीमाय, तुझ्या पदराखालची कहाणी. नगर होतं आटपाट, नगराला वेशी चार. एका वेशीशी कासाराचं दुकान होतं. कासार होता, कासाराची आई होती, कासाराची बायको होती. बायकोचं नाव सुगंधा. लग्नाला दहा वर्षं झाली, पण पोटी संतान नव्हतं.

कासाराच्या घरी दोन रीती होत्या. पहिली रीत काचेची. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, बांगडी 'वाढली' म्हणायचं. तुम्हीही म्हणता, मी काय नवीन सांगत्ये! पण तुमच्या तोंडी तो शब्द सणावारी, त्यांच्या घरी रोजचा. पेटी पडली, डझनभर वाढल्या. बशी पडली, बशीसुद्धा वाढली. फुटणं हा शब्दच त्या उंबऱ्याच्या आत येत नसे. दुसरी रीत लेकरांची. लेकरं मोजायची नाहीत, मोजली की दृष्ट लागते. कुणी विचारलं मुलं किती, तर 'देवाची कृपा' म्हणायचं, आकडा बोलायचा नाही. सुगंधा दोन्ही रीती पाळून होती.

सुगंधा काय करी? सकाळी उठे, सडा घाली, दुकानात बसे. नगरातल्या पोटुशी बायका हिरवा चुडा भरायला येत. हात सुजलेले असत, बांगडी चढत नसे. मग सुगंधा साबण लावी, अंगठा हळूच मुडपी, बांगडी चढवी, दुखू देत नसे. मग त्या बायका डोहाळजेवणाला जात. सुगंधाला मात्र बोलावणं नसे. वांझेची सावली नको म्हणत. तिच्या हातचा चुडा चाले, तिची सावली चालत नसे. आग लागो असल्या सोवळ्याला!

मग श्रावण आला, शुक्रवार आला. भर दुपारी एक म्हातारी दुकानाच्या पायरीशी आली. म्हणाली, "कासारणी कासारणी, बांगड्या भर." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. सुगंधा जेवती उठली, हात धुतला, म्हातारीचा हात मांडीवर घेतला. हाताची कातडी लोंबत होती, पण मनगट बाळंतिणीसारखं ऊन-ऊन होतं. सुगंधानं चुडा भरला, हळदकुंकू लावलं, पाया पडली.

म्हातारी म्हणाली, "चुडा भरलास, तुला काय देऊ?"

"आजी, माझा पदर रिकामा आहे, तेवढा भर."

"किती भरू?"

"लेकरं मोजत नाहीत आजी. देशील ते माझं."

"देईन ते सगळं तुझं म्हणशील? राहील तेही, जाईल तेही? एकालाही परकं म्हणायचं नाही. श्रावणाच्या शुक्रवारी कणकेचे दिवे करायचे, दिलं तितके करायचे. दिलं तितक्यांना ओवाळायचं. बघ हो, उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही."

म्हातारी उठली, वेशीबाहेर गेली, दिसेनाशी झाली.

मग सुगंधा नगरातल्या डॉक्टरीणबाईकडे गेली. डॉक्टरीण शहाणी होती, हाताला यश होतं. तिच्याकडे काचेच्या वाटीत बीज रुजे, अंकुर धरी, मग तो आईच्या पोटात ठेवी. सुगंधाच्या पोटात सुया टोचल्या, पोट निळं पडलं. पहिल्या खेपेला एक अंकुर ठेवला, तो धरला नाही. दुसऱ्या खेपेला दोन ठेवले, तेही धरले नाहीत. दोन्ही खेपांना सुगंधा घरी आली, पिंपातलं पाणी तोंडावर मारलं आणि दुकानात जाऊन दुसरीचा चुडा भरला. दोन्ही खेपांना तिला रडायला वेळ दिला नाही कुणी.

तिसरी खेप आली. डॉक्टरीण म्हणाली, "बाई, वाटीत तीन अंकुर आहेत. किती ठेवू? उत्तरेच्या राज्यात एकच ठेवतात, तिथं तसा हुकूम आहे. पूर्वेच्या राज्यात दोन ठेवतात. आपल्याकडे हुकूम नाही, घरचे म्हणतील तसं होतं. एक ठेवलं तर आशा थोडी, पण आलेलं बाळ भरल्या अंगाचं येतं. सगळे ठेवले तर आशा मोठी आणि धोकाही मोठा. जागा एक, वाटेकरी फार. दिवस भरायच्या आधी येतात, चिमणीएवढी येतात. सांग, किती ठेवू?"

सुगंधानं मान खाली घातली. आकडा कसा बोलणार? म्हणाली, "देवाची कृपा."

डॉक्टरणीनं पुन्हा विचारलं, "किती?" सुगंधा म्हणाली, "तुम्ही ठेवाल ते."

डॉक्टरणीनं तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा सासू पुढं झाली. "पदर भरा हो डॉक्टरीणबाई. कासाराच्या घरी हात राखून कुणी चुडा भरत नाही."

डॉक्टरणीनं सगळे ठेवले. दोष कुणाला देऊ? तिनं तीनदा विचारलं होतं. हिनं आकडा बोलू नये म्हणून बोलला नाही. सासूनं मायेनं म्हटलं होतं.

मग दिवस राहिले. पडद्यावर तीन ठिपके लुकलुकले. डॉक्टरीण आनंदली, मग गंभीर झाली. म्हणाली, "जड जातील ग. एक कमी करता येतं अजून. बाकीच्यांना ऐसपैस होईल." सुगंधानं दोन्ही हात पोटावर ठेवले. "कमी कुणाला म्हणू? जी आहेत ती माझी." तिनं वसा पाळला. वसा पाळूनही घात होतो कधी कधी. कहाण्यांत हे सांगत नाहीत, मी सांगत्ये.

मग कासाराच्या घरी काय विचारता! ज्यांनी सावली टाळली त्याच बायका फळं घेऊन आल्या. सासूनं आपल्या हातानं सुनेला हिरवा चुडा भरला. सुगंधा दुपारी दारात बसे आणि काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या ओवी. एक जोड ओवला, दुसरा ओवला, तिसरा ओवला. मोजत नव्हती हो, नुसती ओवत होती.

सातवा सरला नव्हता तोच कळा आल्या. पोट उघडावं लागलं. आधी एक लेक आली, मग तिच्या पाठोपाठ लेक आला, मग आणखी एक लेक आली. थोरली, मधला, धाकटी. प्रत्येक जीव दोन ओंजळींचा. डोळे मिटलेले, कातडीतून शिरा दिसत. तिघांना तीन काचेच्या पेट्यांत ठेवलं, नाकात नळ्या घातल्या. आणि सुगंधा? ती वरच्या मजल्यावर खाटेला खिळली, टाके ओले, अंगात ताप. लेकरं खाली, आई वर. मध्ये जिना होता, आणि तो तिला उतरवत नव्हता.

मग सासू वर-खाली करी. सुगंधा वाटीत दूध काढून देई, सासू ते खाली नेई, वर आली की सुगंधा विचारी, "आत्याबाई, बाळं वाढतायत का?" कारण दाई म्हणाली होती, रोज वजन करतो, वाढलं की जगलं समजा. सुगंधाचे कान त्या एका शब्दाला लागलेले.

तिसऱ्या दिवशी सासू वर आली. पदरानं तोंड पुसलं. भिंतीकडे बघत म्हणाली, "सुगंधा, धाकटी वाढली."

सुगंधाचा चेहरा उजळला. "वाढली? किती वाढली? बाई ग, सगळ्यांत बारकी, तीच आधी वाढली! दाईच्या हातावर साखर ठेवा."

सुनेचा ताप सासूच्या डोळ्यांपुढं होता. आज नको सांगायला, उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. तिनं खाली जाऊन खरोखरच दाईच्या हातावर साखर ठेवली. दाईनं तिच्याकडे बघितलं नुसतं.

सहाव्या दिवशी सासू वर आली. जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. म्हणाली, "मधलाही वाढला."

सुगंधानं हात जोडले. "आणि थोरली?"

"ती आहे तशी आहे."

मग सुगंधा रडली. थोरलीसाठी रडली. "दोघं वाढली, माझी थोरलीच कशी वाढेना! तिला माझं दूध पुरत नाही का?" रात्रंदिवस थोरलीसाठी रडली, आणि गेलेल्या दोघांसाठी हसली. आई होती ती. माझ्या बायांनो, वैऱ्यावर अशी वेळ येऊ नये.

बाराव्या दिवशी ताप उतरला. सुगंधा भिंत धरधरून जिना उतरली, काचेच्या खोलीत गेली. एका पेटीत थोरली होती. बाकी दोन पेट्या पुसून, कोरड्या करून, झाकून ठेवल्या होत्या. तिनं दाईला विचारलं, "माझी वाढलेली बाळं कुठं हलवलीत?"

दाई परगावची, तिला कासाराची बोली ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "ताई, ती दोघं गेली. तुम्हाला सांगितलं नाही का?"

सुगंधा मागं वळली. दारात सासू उभी होती. सुगंधा म्हणाली, "तुम्ही म्हणालात वाढली."

सासू म्हणाली, "वाढलीच ना ग. आपल्याकडे दुसरा शब्द आहे का?"

तेव्हा सुगंधाला शब्द कळला. ती ओरडली नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. थोरलीच्या पेटीपाशी बसली आणि काचेला हात लावून बसूनच राहिली.

थोरली जगली. दोन महिन्यांनी घरी आली. तिचं नाव ठेवलं जिऊ. लोक बघायला आले. एक म्हणाली, पदरी पडलं पवित्र झालं. दुसरी म्हणाली, एक तरी राहिलं ना. तिसरी म्हणाली, पहिल्यापासून एकच होतं समज. सासू म्हणाली, "गेलेल्यांचं नाव काढू नको. राहिलेलीला दृष्ट लागेल." सुगंधानं मनगट्यांचा डबा उघडला, तर एकच जोड. सासू म्हणाली, "हरवले असतील." सुगंधानं डबा मिटला. भीती वाईट असते. एका लेकीच्या भीतीनं तिनं दोघांना पदराबाहेर ठेवलं.

पहिला श्रावण आला, शुक्रवार आला. सुगंधानं कणकेचा एक दिवा केला. जिऊला पाटावर बसवलं, ओवाळलं. जिऊच्या हातातली बांगडी तडकली. सासू म्हणाली, "वाढली." दुसरा श्रावण आला. एक दिवा केला, ओवाळलं. पुन्हा बांगडी तडकली. सासू म्हणाली, "वाढली." तिसरा श्रावण आला. जिऊ उशिरा का होईना चालू लागली होती, बोबडं बोलू लागली होती. भातुकली मांडली की तीन ताटल्या मांडी. सुगंधा दोन उचलून ठेवी, जिऊ पुन्हा मांडी. त्या शुक्रवारी ओवाळताना दिवाच विझला. सासू म्हणाली, "दिवा वाढला." त्या दिवशी सुगंधाच्या अंगावर काटा आला.

चौथ्या श्रावणात जिऊला ताप भरला. औषध दिलं, उतरेना. डॉक्टर बदलला, उतरेना. जिऊची छाती जन्माचीच नाजूक, श्वास घुरघुरू लागला. शुक्रवार उजाडला. सुगंधा जिऊला मांडीवर घेऊन दुकानात बसली, तिला घराच्या आत घुसमटत होतं.

भर दुपारी पायरीशी हाक आली. "कासारणी कासारणी, बांगड्या भर."

"आजी, आज नाही. लेकरू तापलंय."

"मला नकोत. तान्ह्यांना हव्यात. तू ओवलेल्या मनगट्या कुठं आहेत?"

सुगंधानं वर बघितलं. तीच म्हातारी. पण तिच्या निऱ्यांना जणू कुणी खालून धरलं होतं. इकडून ओढ, तिकडून ओढ. दिसत मात्र कुणी नव्हतं.

म्हातारी म्हणाली, "पदर भर म्हणालीस, मी भरला. तू एक ठेवलंस आणि दोघं माझ्या दारात सोडलीस. तुझी लेकरं म्हणून ती माझ्याकडे रांगतात. शुक्रवार आला की घरोघरचे दिवे बघतात. मला विचारतात, यात आमचा कुठला? मी काय सांगू त्यांना? तुमची आई मोजत नाही, असं सांगू?"

सुगंधानं तिचे पाय धरले. चार वर्षांचं रडू तिथं बाहेर पडलं. "माये, मी विसरले नाही ग. एक दिवस विसरले नाही."

"विसरली नाहीस, मला ठाऊक आहे. पण म्हटलं नाहीस. मनातल्या मनात आई होता येतं, लेकरांना ते ऐकू येत नाही. ऊठ. घेतला वसा पुरा कर."

"केला तर ती परत येतील?"

म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही ग बाई," म्हणाली. आणि गेली.

सुगंधा आत आली. कणीक घेतली, हळद घातली, मळली. एक दिवा केला. दुसरा केला. तिसरा केला. सासूनं बघितलं, हात धरला. "काय करतेस? गेलेल्यांना ओवाळत नाहीत!"

"गेलेल्यांना नाही, आत्याबाई. लांब असलेल्यांना. लेकरू परगावी असलं की दिशांना अक्षता टाकतो ना आपण, तसं. माझी दोघं परगावी आहेत. त्यांच्या मनगट्या द्या मला, पाटावर ठेवते."

सासू मटकन खाली बसली. म्हणाली, "हरवल्या नाहीत ग. त्यांच्या हातांत आहेत. मीच घालून दोघांना पाठवलं. ओढ्याकाठी, उंबराखाली, मी आणि तुझा नवरा गेलो होतो. मनगटं इतकी बारीक की मनगट्या कोपरापर्यंत सरकत होत्या, मी दोऱ्याला गाठी मारल्या. बारसं नाही झालं म्हणून कानात नावं सांगितली. मधल्याला केदार म्हटलं, धाकटीला मंजुळा. मला आत्याचा मान नव्हता, पण दुसरं होतं कोण तिथं? वर येऊन तुला सांगणार होते. जीभच वळली नाही. काचेचा शब्द तेवढा वळला. तू हसलीस, आणि मग मला खरं सांगायची वाटच राहिली नाही."

कणीक परातीत कोरडी पडत चालली. मग सासूच उठली, तिनंच तुपाच्या वाती लावल्या.

जिऊला मांडीवरच ओवाळलं. मग सुगंधा दारात आली. उंबराच्या दिशेला अक्षता टाकल्या. "केदारा, जिथं असशील तिथं सुखी अस." पुन्हा टाकल्या. "मंजुळे, जिथं असशील तिथं सुखी अस. तुमचे दिवे हे बघा. हा तुझा, हा तुझा." चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात ती नावं मोठ्यानं घेतली गेली. जिऊनं डोळे उघडले, दिव्यांकडे बघितलं. बांगडी तडकली नाही. दिवे शेवटच्या थेंबापर्यंत जळले. दिवेलागणीला जिऊच्या कपाळावर घाम आला, ताप उतरला. तिनं पेज मागितली.

पुढं भाद्रपदात राणीची गणतीवाली दारोदार आली. राणीला कळायचं होतं की कुठल्या राज्यात किती जुळी होतात, किती तिळी होतात, किती राहतात. उत्तरेचं आलं होतं, पूर्वेचं आलं होतं. या नगरातून मात्र राहिलेलीच लेकरं लिहून जात. कागदावर सगळं गोड दिसे. राणीला वाटे, आपल्या नगरात सुख उतू चाललंय.

गणतीवालीनं विचारलं, "बाई, मुलं किती झाली?"

सुगंधानं पदर सावरला. आयुष्यात पहिल्यांदा आकडा बोलली. "तीन."

गणतीवालीनं अंगणात बघितलं. "मला तर एकच दिसते."

सुगंधानं तोंड उघडलं. "दोन..." म्हणाली, आणि पुढचा शब्द गळ्यात अडकला. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा केला. येईना.

तेव्हा आतून सासू आली. सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "दोन गेली, बाई. एक तिसऱ्या दिवशी, एक सहाव्या दिवशी. वाढली नाहीत. गेली. तसंच लिही."

गणतीवालीनं तसंच लिहिलं. मग शेजारची आली, म्हणाली माझीही लिही, जुळ्यातलं एक गेलं होतं. तिसऱ्या आळीची आली, म्हणाली माझी तर चारही लिही. जिनं तिनं आपापली सांगितली. कागद राणीकडे गेला. राणीनं वाचला, ताट बाजूला सारलं, आणि हुकूम काढला की या नगरातही आईच्या पोटात एका वेळी एकच अंकुर ठेवावा. पुढच्या बायकांना भरल्या अंगाची लेकरं झाली. सुगंधा त्यांचे चुडे भरी. चुडा भरून झाला की दुकानाच्या मागं जाई, घटकाभर बसे, मग परत येई. जिऊ मोठी झाली. भातुकलीत तीन ताटल्या मांडी, आता कुणी उचलत नसे.

सुगंधाला मिळालं तेच फळ तुम्हां-आम्हां मिळो, असं म्हणायचं असतं. माझ्यानं म्हणवत नाही. मी इतकंच मागते. जिवतीमाय, जिचं मांडीवर आहे तिचं मांडीवर राहू दे. जिचं तुझ्याकडे आहे त्याला आज तिचा दिवा दिसू दे. आणि जिला कुणी विचारील किती, तिला खरा आकडा बोलायला जीभ दे. टाका अक्षता ग. जिच्या जितक्या, तितक्या टाका. कुणी कुणाकडे बघू नका.

उत्तरं साठ होती, पाचांत सांगितली, उरलेली तुमच्या पोटात ठेवली. कहाणी सुफळ होवो, कहाणी झाली संपूर्ण.